पायाशी ऊब

“दिवा माणसाच्या पुढे पळू द्यायचा नाही, मागे रेंगाळू द्यायचा नाही. आणि आभाळ कोसळलं तरी बोलणाऱ्या माणसावरचा उजेड काढायचा नाही. काढलास, तर त्याची जीभ कापलीस म्हणून समज.”

सगळं नाट्यगृह ज्याला दादा म्हणायचं, तो नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, तरी नाट्यगृहाच्या मागच्या उंच सज्जात स्पॉट पेटवताना वहिनीला हे शब्द त्याच्याच आवाजात ऐकू यायचे. रंगमंचावरच्या एकाच माणसावर उजेडाचा गोल धरून ठेवणारा तो जड दिवा त्यानं आजारपणात तिच्या हाती सोपवला होता. ती दिव्यासमोर हात जोडायची, मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायची आणि मगच बटण दाबायची. हा तिचा नेम कधी चुकला नाही.

तिला सगळं नाट्यगृह वहिनी म्हणायचं, कारण बाई तिला वहिनी म्हणायच्या. बाई म्हणजे तिची धाकटी नणंद. दारावरच्या फलकावर बाईंचा चेहरा माणसाहून मोठा रंगवलेला होता, आणि त्या चेहऱ्यासाठीच लोक तिकिटाच्या रांगेत उभे राहायचे. वहिनीसाठी मात्र त्या वन्संच होत्या. दोघी एकाच घरात राहायच्या, एकाच तव्यावरचं खायच्या, आणि एक गोष्ट दोघींनाच ठाऊक होती.

वन्संना आता जवळजवळ काहीच दिसत नव्हतं.

उजेड आहे की अंधार, एवढं कळायचं. बाकी सगळं पांढरट धुकं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेलं परत येत नाही, उरलंय ते सांभाळा.  त्या दिवशी घरी येऊन उंबऱ्याच्या आत पाऊल ठेवल्यावर वन्सं म्हणाल्या होत्या, “झाकली मूठ सव्वा लाखाची, वहिनी. उघडलीस तर माझं मेलेलं तोंड बघशील.”

तेव्हापासून वहिनीनं घरातली एक खुर्ची जागची हलवली नव्हती. बाहेरची गोष्ट वेगळी. वन्सं जिथं जातील तिथं लोकांच्या नजरा त्यांच्यावर. दुकानात, दवाखान्यात, रस्ता ओलांडताना कुणी ना कुणी हात करायचं, आणि वन्सं मान ताठ ठेवून सरळ पुढे चालत राहायच्या. लोक म्हणायचे, बाईंच्या डोक्यात हवा गेली. भाजीवाली तर तोंडावर म्हणाली होती की ओळख द्यायला काय पैसे पडतात का. वहिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. वन्सं मात्र हसल्या होत्या. गर्विष्ठ म्हणू देत, म्हणाल्या, गर्विष्ठ बाईला काम मिळतं. आंधळीला सहानुभूती मिळते, आणि ती मला शिजवून खाता येत नाही.

मग रंगमंचावर त्या वावरत कशा होत्या? तिथं त्यांना दिवे वाट दाखवायचे, पण उजेडानं नव्हे. ते जुने दिवे भट्टीसारखे तापायचे. डावा गाल शेकला की डावी विंग जवळ आली. डोक्यावर कढत झालं की आपण मधोमध, टेबलाशी. आणि रंगमंचाच्या पुढच्या कडेला, जमिनीतल्या खाचेत, दिव्यांची एक रांग होती. तिची ऊब नडग्यांना लागली की थांबायचं. त्यापुढे पुरुषभर खोल खड्डा होता, पूर्वी तिथं वादक बसायचे.

गंमत अशी, की लोक वन्संना त्या थांबण्यासाठीच डोक्यावर घ्यायचे. शेवटच्या प्रवेशात, मुलाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली ती आई बोलत बोलत पुढे येते, पुढे येते, आणि कडेला पाऊल टेकवून थांबते. पहिल्या रांगेतली माणसं मागे सरकायची. खाली न बघता ही बाई बरोबर तिथंच कशी थांबते, याचं कोडं कुणाला उलगडलं नव्हतं.

त्या दिवशी दुपारचा प्रयोग होता. दोघी रंगपटात शिरल्या तेव्हा मॅनेजर दारातच उभा होता, हात चोळत, लग्नघरातल्या यजमानासारखा खूश. बाईंना घामाचा किती त्रास होतो ते मी बघत होतो, म्हणाला. सारखी तक्रार होती ना, रंग वितळतो म्हणून? सगळे दिवे बदलून टाकले. वरचे, बाजूचे, खालचे, आरशाचेसुद्धा. वायरमन रात्रभर राबला. आता रंगमंचावर बर्फात उभं राहिल्यासारखं वाटेल.

घामाची तक्रार वन्संनीच केली होती, खरी. पण नटीनं घामाची तक्रार करायची असते म्हणून केली होती. कुणी ऐकेल असं त्यांना कुठं वाटलं होतं.

“फार चांगलं केलंत,” वन्सं म्हणाल्या. मॅनेजर गेला. त्यांनी दार लावायला सांगितलं, आरशासमोर बसल्या आणि आरशाभोवतीच्या दिव्यांजवळ तळवा नेला. थोडा वेळ तसाच धरून ठेवला.

“लागलेत ना हे?”

“लागलेत, वन्सं. डोळे दिपतायत.”

त्यांनी हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.  आजचा प्रयोग रद्द करू, मी सांगते तुम्हाला ताप भरलाय, असं वहिनीच्या ओठांवर आलं आणि तिथंच थांबलं. खोटं न बोलण्याचा तिचा नेम होता. वन्संना तो ठाऊक होता, आणि वेळप्रसंगी त्याची थट्टाही त्या करायच्या. आज त्या थट्टेच्या मनःस्थितीत नव्हत्या. वहिनीनं एवढंच म्हटलं की शेवटी पुढे येऊ नका. टेबलाशी उभ्या राहून बोला. टेबल धरून ठेवा.

“लोक त्या थांबण्यासाठी येतात.”

“लोक तुमच्यासाठी येतात.”

“दोन्ही एकच गं.” वन्सं रंगाच्या डबीचं झाकण उघडत होत्या, मिटत होत्या. मग त्यांनी वहिनीचा हात चाचपून धरला. “बरं. टेबल सोडणार नाही. आणि हेही ऐक. ज्या दिवशी माझं पाऊल चुकेल, त्या दिवशी मी स्वतःच्या पायांनी जाऊन मॅनेजरला सगळं सांगेन. तुला तोंड उघडावं लागणार नाही. झालं समाधान?”

दुसरी घंटा झाली. वहिनी सज्जाचा जिना चढली. तिनं हात जोडले. रोजच्यापेक्षा जरा जास्त वेळ जोडले.

पहिले दोन अंक निभावले. विंगेतून येताना वन्संच्या हाताला कायम कुणीतरी होतं, कधी नाटकातला मुलगा, कधी सून, आणि जिथं कुणी नव्हतं तिथं त्या खुर्चीवरून उठल्याच नाहीत. एकदा मात्र त्या बोलत बोलत गोलाच्या बाहेर गेल्या. पूर्वी असं झालं की वरच्या दिव्यांची धग कमी व्हायची आणि त्या आपोआप आत यायच्या. आज त्यांना कळलंच नाही. वहिनीनं स्पॉट हलकेच सरकवून त्यांना पुन्हा उजेडात घेतलं. 

शेवटचा प्रवेश आला. रंगमंचावर एकटी आई, टेबल, रिकामी खुर्ची. वन्संचा डावा हात टेबलाच्या कडेवर होता. वहिनीची नजर त्या हातावर खिळलेली.

बोलणं सुरू झालं. आवाज नेहमीसारखा, तळातून येणारा. पण हॉल नेहमीसारखा नव्हता. लोक वाट बघत होते. बाई आता पुढे येतील, आता येतील. बाई येईनात तशी खुर्च्या करकरू लागल्या, कुणी खोकलं, मधल्या रांगेत कुणीतरी शेजारणीच्या कानाला लागलं. हॉल हातातून निसटतोय हे वहिनीला एवढ्या लांबून कळत होतं, मग वन्संना कळल्याशिवाय कसं राहील? त्यांचे कान तर आता डोळ्यांचंही काम करत होते.

टेबलावरचं एक बोट उचललं गेलं. मग दुसरं.

“नको,” वहिनी पुटपुटली.

हात सुटला.

वन्सं एक पाऊल पुढे आल्या, आणि खोकला थांबला. आणखी एक, आणि सगळा हॉल गप्प झाला. लोकांचा श्वास असा मुठीत आला की माणूस स्वतःला विसरतो, आणि वन्सं विसरल्या. त्या पुढे येत राहिल्या. मान वर, ओठांवर शब्द, डोळे थेट सज्जाकडे, जणू वहिनीकडेच. पावलं मात्र दर वेळी पुढची जमीन चाचपत होती. ती ऊब शोधत होती, हे वहिनीशिवाय कुणाला कळणार? खालचे नवे दिवे लख्ख पेटले होते. साडीचा काठ त्यांच्यावरून गेला. नडग्यांना काही लागलं नाही.

ओरडायला हवं होतं. वहिनीनं तोंड उघडलं, पण घशातून वारा आला, आवाज नाही. जन्मात कधी आवाज चढवला नव्हता, तो आयत्या वेळी कुठून येणार? वन्संचा उजवा पाय उचलला गेला. चवडा कडेच्या बाहेर आला.

आभाळ कोसळलं तरी काढायचा नाही, नवरा म्हणाला.

वहिनीनं स्पॉटचं बटण बंद केलं आणि शेजारचा मोठा खटका दोन्ही हातांनी खाली ओढला. रंगमंचावरचा, कडेचा, सगळा उजेड एका झटक्यात गेला.

अंधार तेवढा वन्संना कळायचा. वाक्य मधेच तुटलं.

त्या काळोखात वन्सं खाली पडल्याचा आवाज येतो का, ते वहिनी ऐकत उभी होती. देवाचं नावसुद्धा तिला सुचेना. प्रेक्षकांतून कुणीतरी शीळ घातली, काही जण हसले. मग एक पाय फरशीवर घासत मागे सरकल्याचा आवाज आला. त्यानंतर वन्संचा स्वर, पहिल्यांदाच कापरा. त्यांनी उरलेलं वाक्य अंधारातच पुरं केलं. पडदा पडला. टाळ्या झाल्या, पण उसन्या आणल्यासारख्या.

वहिनी खाली आली तेव्हा रंगपटात सगळी मंडळी जमली होती. मॅनेजर संतापानं लाल झाला होता. डोळा लागला होता का, त्यानं विचारलं. की हात चुकला? नवे दिवे जमत नाहीत तर तसं सांगायचं. बाईंच्या तोंडावर अंधार केलात, तोही शेवटच्या वाक्याला. दादा असते तर काय म्हणाले असते?

वहिनी भिंतीशी उभी होती. जिनं आयुष्यभर दुसऱ्यावर उजेड धरला, तिच्यावर आज सगळ्या खोलीचे डोळे होते. अंगावर कढत पाणी ओतावं तसं तिला झालं. हो, हात चुकला, एवढं म्हटलं असतं तरी सुटका होती. पण ते खोटं होतं. आणि खरं तिचं एकटीचं नव्हतं. ती पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

“उद्यापासून स्पॉटवर दुसरं माणूस ठेवतो,” मॅनेजर म्हणाला.

तिनं मान हलवली. आरशासमोर वन्सं कापसानं गालाचा रंग पुसत होत्या. एकच गाल, पुन्हा पुन्हा.  वहिनीला वाटलं, आता बोलतील. मग वाटलं, नाहीच बोलणार. आणि नाही बोलल्या तरी आपण काही म्हणायचं नाही, हे तिनं मनाशी धरलं. मॅनेजर पाय आपटत आपल्या खोलीकडे गेला. बाकीचेही पांगले.

दोघीच उरल्या.

“किती राहिलं होतं?” वन्संनी विचारलं.

“काय?”

“वेड पांघरू नकोस. कड.”

“टाच कडेच्या आत होती,” वहिनी म्हणाली. “तेवढीच.”

कापूस हातातच राहिला. बाहेर कुणीतरी पेटारे ओढत होतं.

“दादा असता तर त्यानं दिवा नसता घालवला. ओरडला असता. रस्त्यापर्यंत ऐकू गेलं असतं.”

“मला ओरडता येत नाही, वन्सं.”

“ते माहीत आहे मला. तुझा आवाज पातेल्यातून झाकणापर्यंत पोचत नाही.” वन्सं हसायला गेल्या, पण जमलं नाही. “मी टेबल सोडलं, वहिनी. तुला शब्द दिला होता, आणि लोक चुळबुळायला लागले तशी सोडलं. मग ते गप्प झाले. खाली गेले असते तरी त्या क्षणी मला...” त्यांनी वाक्य सोडून दिलं. तोंडावरून हात फिरवला. अर्ध्या गालावर रंग तसाच होता.

वहिनीनं पाण्याचा पेला त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो न पिता ठेवला, अगदी बरोबर टेबलाच्या मध्यावर. मग वाकून नाटकातल्या चपला काढल्या. उठल्या.

“मी येते,” वहिनी म्हणाली.

“नको. दुसराही शब्द दिला होता ना? स्वतःच्या पायांनी, असं म्हटलं होतं मी.” दाराशी थांबून त्या म्हणाल्या, “आणि आज तुझ्यावर उजेड पुरे झाला.”

मॅनेजरची खोली बोळाच्या टोकाला होती. बोळात पेटारे, उभे करून ठेवलेले पडदे, चहाचे कप घेतलेली मंडळी. बाईंना बघून बोलणी थांबली, माणसं बाजूला झाली. एरवी अशा वेळी वन्सं मान ताठ करून, कुणाकडे न बघता निघून जायच्या. आज त्यांनी तसं केलं नाही. त्यांनी उजवा हात लांब केला, सगळ्यांच्या देखत भिंत चाचपली, आणि तिला धरून धरून, अनवाणी, हळूहळू पुढे जाऊ लागल्या.