सरांचा समुद्र

"डोळ्याला लाव. उजेडाकडं धर. निळ्या रंगाची रेघ कुठं आली?"

"पस्तीसवर."

"पस्तिसावर. नीट बोलायचं."

सत्यभामाबाईंनी ते दुर्बिणीसारखं यंत्र डोळ्यापासून काढलं आणि फडक्यानं पुसून टेबलावर ठेवलं. दारात गाडी उभी होती. ऋत्विक, त्यांचा मुलगा, पुण्याहून रजा घेऊन आला होता आणि बापाची बॅग डिकीत ठेवत होता. रंगराव सरांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं, संभाजीनगरला. तीन नसा बंद होत्या. आणि निघायच्या पाच मिनिटं आधी सर बायकोला टाकीतल्या पाण्याचा खारटपणा मोजायला शिकवत होते.

"मी येऊ काय संगं?" बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

"तू येऊन काय करणार? तिथं डॉक्टर आहेत. इथं कोण आहे?"

ऋत्विक दारातून म्हणाला, "बाबा, आईला येऊ द्या. माशांचं बघू काहीतरी."

"काहीतरी म्हणजे काय?" सरांनी एवढंच विचारलं. ऋत्विक जाऊन गाडीत बसला. तो बेचाळीस वर्षांचा होता आणि अजून बापापुढं गप्पच बसत होता.

रंगराव सर चिखलीच्या एका शाळेचे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, त्याला आठ वर्षं झाली होती. नोकरीत असताना शिक्षकांबरोबर ते अंदमानला जाऊन आले. बायकोला नेलं नव्हतं. तिथं त्यांनी काचेच्या तळाच्या होडीतून समुद्राखालचं प्रवाळ पाहिलं आणि ते डोक्यातून गेलंच नाही. निवृत्तीनंतर त्यांनी समोरच्या खोलीत साडेतीन फुटांची टाकी बसवली. मीठ मुंबईहून कुरिअरनं यायचं. पाणी थंड ठेवायचा चिलर, लाटा करणारे दोन पंप, निळे दिवे. टाकीतच वाढवलेली प्रवाळाची रोपं, एक लाल पट्ट्याची कोळंबी, आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली क्लाउन माशांची जोडी. ही जोडी कधीतरी अंडी घालील म्हणून सर सहा वर्षं वाट बघत होते. गावातले लोक मुलाबाळांना घेऊन टाकी बघायला यायचे. सर खुर्चीत बसून सांगायचे. बाई आतून चहा पाठवायच्या.

पाण्याच्या कॅन मात्र बाईच उचलायच्या. फिल्टरचं पाणी भरायचं, आठवड्याला दोन बादल्या जुनं पाणी काढायचं, फरशीवर सांडलेलं पुसायचं. टाकीत हात घालायचा नाही, हा नियम होता. एकदा त्यांनी घातला होता, पडलेली गोगलगाय सरळ करायला. सरांनी पाहुण्यांसमोर त्यांना तोच हात तीनदा साबणानं धुवायला लावला होता.

गाडी गेली. बाई घरात आल्या आणि खुर्चीत बसल्या. टाकीसमोरच्या त्या खुर्चीत त्या पहिल्यांदाच बसत होत्या.

शेजारची नसीमा दुपारी आली. तिचं शिवणकाम होतं, नवऱ्याचं, गुलाम रसूलचं, कोल्ड्रिंकचं दुकान. ती दारातच थबकली. "भाभी, तुमी घरीच? सरांचं आज जायाचं होतं ना?"

"गेले."

"अन् तुमी काऊन नाही गेल्या?"

बाईंनी टाकीकडं बोट केलं. नसीमानं टाकीकडं पाहिलं, बाईंकडं पाहिलं, आणि खाली बसून त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

ऑपरेशन झाल्याचं ऋत्विकनं फोनवर कळवलं. दुसऱ्या दिवशी सर स्वतः बोलले. आवाज खोल गेला होता. बाईंनी फोन कानाशी घट्ट धरला. त्या म्हणाल्या, "दुखते काय हो लय?"

"तापमान किती आहे?"

"कोनाचं? आं... टाकीचं. सव्वीस."

"बरं," सर म्हणाले आणि फोन ऋत्विककडं दिला.

तेव्हापासून बाईंनी तब्येतीचं विचारणं सोडलं. ते ऋत्विकला विचारायच्या. सरांना फक्त आकडे सांगायच्या.

सरांच्या वहीत सगळं लिहिलेलं होतं, पण बाईंना वहीची गरज फारशी पडली नाही. उन्हाळ्यात रोज दोन बोटं पाणी उडायचं. उडालेल्या पाण्याच्या जागी साधं पाणी घालायचं, मिठाचं नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं. वरण आटलं तर ते खारट लागतं, मग आपण त्यात मीठ घालतो का? हे समजायला सरांना तीन महिने लागले होते. त्या तीन महिन्यांत मेलेले मासे बाईंनीच परसात पुरले होते.

हळूहळू त्यांना टाकी दिसायला लागली. कोळंबी कोणत्या दगडाखाली झोपते, कोणतं प्रवाळ सकाळी उशिरा उमलतं. मोठा क्लाउन ही मादी आणि छोटा नर, हेही त्यांनी त्यांच्या वागण्यावरूनच ओळखलं. मादी नराला धाकात ठेवायची. बाईंना ते बघून हसू यायचं. एक दिवस त्यांनी मनगटापर्यंत हात पाण्यात घातला आणि तसाच धरून ठेवला. मादी आली, बोटाला टोचून गेली. तिसऱ्या दिवशी ती बोटांमधून फिरायला लागली.

बाराव्या दिवशी भर दुपारी वादळ आलं. तारा तुटल्या, वीज गेली. इन्व्हर्टर पंप चालवायचा, चिलर नाही. दीड तासात तोही दमला. पंप थांबले आणि खोलीत एकदम शांत झालं. बाहेर त्रेचाळीस डिग्री होतं. टाकीचं पाणी अठ्ठावीस झालं, मग साडेअठ्ठावीस. मासे वर येऊन तोंड उघडू लागले.

बाई नसीमाकडं धावल्या. "रसूलभाऊले फोन लाव. बर्फ पायजे. जेवढा भेटीन तेवढा."

गुलाम रसूलनं स्कूटरवर गोणपाटात गुंडाळून बर्फाची लादी आणली. बर्फाचं पाणी टाकीत उतरलं तर सगळंच बिघडलं असतं. बाईंनी लोणच्याच्या प्लॅस्टिकच्या बरण्या रिकाम्या केल्या, घासून पुन्हा पुन्हा धुतल्या, त्यात बर्फ भरून झाकणं गच्च लावली आणि त्या पाण्यावर तरंगत सोडल्या. मग स्टुलावर उभं राहून त्या तांब्यानं टाकीतलं पाणी घेऊन वरून ओतायला लागल्या, वारा मिसळावा म्हणून. घ्यायचं, ओतायचं. नसीमा बरण्या बदलत होती. चार तास झाले तेव्हा नसीमा म्हणाली, "भाभी, मेले तर मेले. तुमचा खांदा जाईन."

"मेले तर ते मले इचारतीन."

"कोन, सर?"

बाई थोडा वेळ ओतत राहिल्या. "नाही," त्या म्हणाल्या, "हे मासे."

दिवेलागणीला वीज आली. टाकीतलं काहीही मेलं नाही. बाईंना मात्र पुढं चार दिवस उजवा हात वर करता येत नव्हता. त्यांनी डाव्या हातानं वेणी घातली. सरांना फोनवर आकडा सांगितला, सव्वीस.

सतराव्या दिवशी मागच्या काचेवर, खालच्या कोपऱ्यात, त्यांना राजगिऱ्याएवढ्या नारिंगी दाण्यांचा ठिपका दिसला. नर त्याच्यापासून हलत नव्हता. तोंडानं एकेक दाणा साफ करत होता, परांनी वारा घालत होता. बाईंनी फोन उचलला आणि परत ठेवला. यावेळी आकडा सांगायचा नव्हता. ते सरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं, असं त्यांना वाटलं.

बाविसाव्या दिवशी सर आले. खंगले होते. छातीवरून खालपर्यंत टाके. बाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, हात धरून खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, "मांगच्या काचीले पाहा."

सरांनी वाकून पाहिलं. दाण्यांना आता चंदेरी डोळे आले होते. सर बराच वेळ बघत राहिले. बाईंना वाटलं, आता काहीतरी बोलतील.

"काचेवर हाताचे डाग पडलेत," सर म्हणाले.

संध्याकाळी त्यांचे जुने सहकारी महादेवराव भेटायला आले. तब्येतीचं बोलून झालं. मग टाकीचं निघालं. सर म्हणाले, "मी रोज फोनवरून सांगत होतो. हात हिचे, डोकं माझं."

बाई चहा घेऊन उभ्या होत्या. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली होती. त्या म्हणाल्या, "बर्फाचं नाही सांगतलं तुमी."

"कसला बर्फ?" महादेवरावांनी विचारलं. ऋत्विकनं नसीमाकडून ऐकलेलं सगळं सांगून टाकलं. बरण्या, तांब्या, चार तास, खांदा. महादेवराव मोकळ्या मनाचा माणूस. ते हसून म्हणाले, "म्हणजे सर, तुम्हाला सहा वर्षांत जे जमलं नाही ते वहिनींनी बावीस दिवसांत केलं. टाकीच्या मुख्याध्यापक आता ह्याच."

सरही हसले. चहा पूर्ण प्यायले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पूजेची फुलं तोडून आत आल्या, तर सर टाकीजवळ उभे होते. काच साफ करायचा चुंबकाचा घासणा त्यांनी धरला होता. बाहेरचा तुकडा हातात, आतला काचेला चिकटलेला. तो मागच्या काचेवरून खाली सरकत होता. सावकाश, कडेकडेनं, काहीही न सोडता. नर घासण्यावर धडका मारत होता. पाण्यात नारिंगी भुगा उडाला आणि पंपाच्या लाटेत फिरायला लागला. कोळंबी पुढं येऊन तो खायला लागली.

"काय करून राह्यले हो?"

"शेवाळ आलं होतं," सर म्हणाले. त्यांनी मागं वळून बघितलंही नाही.

बाईंनी फुलं देव्हाऱ्यात ठेवली. पूजा केली. सरांना नाश्ता दिला, गोळ्या काढून वाटीत ठेवल्या. मग पिशवीत दोन लुगडी भरली.

"मी वरवटले जातो. कडूबाकडं." वरवट हे त्यांचं माहेर, कडूबा धाकटा भाऊ. "डबा नसीमा देईन. गोया येळेवर घ्या."

"टाकीचं?"

"ऋत्विक हाय दोन दिवस."

ऋत्विक त्यांना स्टँडवर सोडायला आला. खामगावच्या गाडीत बसवताना म्हणाला, "आई, लवकर ये." बाईंनी पिशवी मांडीवर घेतली.

चौथ्या दिवशी सरांचा फोन आला. ऋत्विक पुण्याला गेला होता. "पाणी आटलंय," सर म्हणाले.

"मंग टाका."

"मला वजन उचलायला मनाई आहे. तुला माहीत आहे."

"रसूलभाऊले सांगा. ते टाकतीन."

"बाहेरच्या कुणाचा हात मी टाकीला लागू देणार नाही."

बाईंना फोनमधून पंपाचा आवाज ऐकू येत होता. घळघळ, घळघळ. पाणी खाली गेलं की पंप हवा ओढायला लागतो. हा आवाज आला की माशांना किती दिवस उरलेत, हे त्यांना कळत होतं.

"डोकं तुमचं हाये ना," त्या म्हणाल्या. "हात कोनाचेबी लावा."

सहाव्या दिवशी त्या पिशवी घेऊन फाट्यावर जाऊन उभ्या राहिल्या. डोळ्यांपुढं बोटांमधून फिरणारी मादी होती. त्या मुक्या जिवानं काय केलं होतं? खामगावची गाडी आली, थांबली. कंडक्टरनं दार उघडून धरलं. "बाई, येता काय?" बाईंनी दांडीला हात लावला. मग त्यांना सरांची पाठ दिसली, सावकाश खाली जाणारा तो घासणा दिसला. त्यांनी हात काढून घेतला. गाडी गेली. घरी त्यांनी भावाला सांगितलं, गाडी हुकली.

दहाव्या दिवशी त्या चिखलीला आल्या. वास दारातच आला. टाकीतलं पाणी अर्ध्यावर उतरून दुधासारखं गढूळ झालं होतं. प्रवाळ गळून पडलं होतं, नुसते पांढरे दगड उरले होते. नर पंपाच्या जाळीला चिकटला होता. मादी तळाशी आडवी होती, तिचा नारिंगी रंगही गेला होता. सर खुर्चीतच बसले होते. दाढी वाढलेली. त्यांनी गोळ्या वेळेवर घेतल्या होत्या; रिकाम्या पट्ट्या टेबलावर नीट एकावर एक ठेवलेल्या होत्या.

बाईंनी पिशवी खाली ठेवली आणि पदर खोचला.

"तू आली असतीस तर वाचले असते," सर म्हणाले.

"हाव," बाई म्हणाल्या. "वाचले असते."

त्यांनी पंप बंद केला. बादल्या आणल्या. तांब्या तांब्यानं पाणी उपसलं आणि दारापुढच्या रस्त्यावर फेकलं. परसात टाकलं असतं तर भाजीचे वाफे जळले असते. सात खेपा झाल्या. उजवा खांदा मध्येच धरायचा, तेव्हा त्या चौकटीला टेकून उभ्या राहायच्या आणि परत आत जायच्या. मासे त्यांनी कागदात घेतले. ते कुठं नेले, हे सरांनी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

मेच्या उन्हात रस्ता लगेच वाळला. पाणी उडून गेलं आणि दारापासून विजेच्या खांबापर्यंत मिठाचा पांढरा थर उमटला. चार वाजता रानातून परतणाऱ्या कुणाच्यातरी बकऱ्या तिथं थांबल्या आणि रस्ता चाटायला लागल्या. राखणारी पोरगी काठी आपटून त्यांना हाकलत होती, पण त्या हलत नव्हत्या.

"राहू दे वं," बाई पायरीवरून म्हणाल्या. "चाटू दे त्याइले."

आतून सरांनी पाणी मागितलं. बकऱ्यांचं होईपर्यंत बाई पायरीवरच बसून राहिल्या.