मधली दोन मिनिटं

चतुराबाईंनी रिमोट उचलला आणि टीव्ही बंदच करून टाकला. "ह्यो माझा पिच्चर न्हाई," त्या म्हणाल्या.

बाविसाव्या वर्षी मेंदूज्वरात त्यांचे दोन्ही कान गेले होते. तेव्हापासून घरात कुणी हसलं की त्या त्याच्या तोंडाकडं बघायच्या, कारण विचारायच्या, आणि ठरलेलं उत्तर मिळायचं, "काही न्हाई गं, असंच." मग एका वर्षी नवऱ्यानं, सितारामनं, नांदेडहून जुन्या मुक्या विनोदी फिल्मांची कॅसेट आणली. त्यांच्या गावात, चारठाण्यात, तेव्हा व्हीसीआर त्यांच्याकडंच होता. त्या काळ्यापांढऱ्या फिल्मांत बोलायचं कुणालाच नव्हतं. आपटणं, धडपडणं, पळणं, सगळं डोळ्यांपुढं. त्या दिवशी चतुराबाई सगळ्यांच्या बरोबरीनं, सगळे हसले त्याच क्षणाला हसल्या.

कॅसेटला बुरशी धरायला लागली तशी सितारामनं ती परभणीला प्रीतमच्या दुकानात दिली. प्रीतम लग्नाचं शूटिंग करायचा आणि जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर उतरवून द्यायचा. पेनड्राइव्ह आला, चित्रही लखलखीत दिसलं. पण चतुराबाईंची लाडकी रंगाऱ्याची फिल्म लागली आणि त्यांच्या कपाळावर आठी चढली. रोडका रंगारी मुकादमाची खोड मोडायला अर्धवट उघड्या दारावर चुन्याची बादली ठेवतो, इथवर ठीक होतं. पुढच्याच क्षणी ती बादली त्याच्याच डोक्यावर! पडद्याच्या खाली नव्यानं चिकटवलेली पिवळी पट्टी, कोपऱ्यात दात काढणारं इमोजीचं तोंड.

"सगळं तर हाय की," सिताराम म्हणाला. "बादली पडली, गडी भिजला."

"बादली पडायचं काय कौतुक? माझ्याबी हातून पडती. तो इसरून सहा डाव दारापशी जातो, अन् सहा डाव वाचतो, ते कुठंय?"

"जाऊ दे आता."

"काय म्हणून जाऊ दे?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं दोघं परभणीला गेली.

प्रीतम हसतच म्हणाला, "मावशी, मधली दोन मिनिटं लय लांबत होती. आजकाल एवढं कुणी बघत न्हाई. मी फुकटात एडिट केलं, वरून हसण्याचा आवाजबी टाकला."

शेवटचं वाक्य सितारामनं बायकोकडं तोंड करून सांगायला घेतलं आणि निम्म्यातच गिळलं. पण त्यांनी ते प्रीतमच्या ओठांवरच वाचलं होतं.

"आवाज? मला?" त्यांचा स्वर चढला. "चाळीस वर्षं समदे मला मधलं गाळूनच सांगायलेत. अमका बोलला, लोक हसले, संपलं. काय बोलला, कसा बोलला, हिला काय करायचंय! ह्या एका कॅसेटीत कुणी काही गाळलं नव्हतं. ते तू गाळलंस. कुणाला इचारून?"

"तसं न्हाई मावशी, त्यात एवढं काय..."

"एवढं काय? थांब."

चतुराबाई दुकानाच्या काचेच्या दाराशी गेल्या. फिल्ममधल्या रंगाऱ्यासारखा दाराच्या मुठीवर हात ठेवला, आणि ब्रश राहिला म्हणून माघारी फिरल्या. पुन्हा गेल्या, बुटाची नाडी सुटली. पुन्हा गेल्या, शिंक आली. लग्नाचा अल्बम ठरवायला आलेली माणसं आधी गोंधळली, चौथ्या खेपेला मोठ्यानं हसायला लागली. चतुराबाई मात्र हसत नव्हत्या; नाकपुड्या फुलल्या होत्या. पाचव्या खेपेला प्रीतमलाही हसू आवरेना. सहाव्या खेपेला त्यांनी दार ढकलायला हात लावला तेव्हा त्याचे डोळे आपोआप दाराच्या वर गेले. वर तर काहीच नव्हतं.

"दिसलं?" त्यांनी विचारलं. "आता ते हाय तिथं घाल."

प्रीतमनं मान खाली घातली. "पूर्ण कॉपी काँप्युटरवर हाय मावशी. देतो."

"देतो न्हाई. माझ्यासमोर लाव. अन् इथं बस, माझ्याजवळ."

दीड तास त्यांनी त्याला उठू दिलं नाही. मध्येच तो मोबाइल बघायला लागला, तर तो काढून टेबलावर पालथा ठेवला. सगळ्या फिल्मा अक्षर न् अक्षर तपासल्यासारख्या बघून मगच पेनड्राइव्ह पदराच्या गाठीला बांधला. गावाकडं जायची जिंतूरची गाडी निघून गेली होती. स्टँडवर पुढच्या गाडीची वाट बघताना सितारामनं चहा आणला.

त्या संध्याकाळी रंगारी पुरत्या सहा वेळा वाचला. सिताराम पोट धरून हसला. चतुराबाई ताठ बसून होत्या. राग उतरायला त्यांना आणखी दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी मेथी निवडता निवडता त्यांनी फिल्म पुन्हा लावली, आणि तेव्हा कुठं हसल्या.