सीपीयूवरचे तीन पट्टे

"पंचशीला, आमच्या आप्पांवर कोणती जादू केलीस गं तू?"

हे विचारायची पैज महानंदानं लावली होती, अख्ख्या नववी 'ब'च्या साक्षीनं. मी काय घाबरते! वक्तृत्वात तालुक्यात पहिली आल्यापासून मी कुणालाच घाबरत नाही. मधल्या सुट्टीत सरळ तिच्या बाकापुढं उभी राहिले आणि विचारलं.

पंचशीला भाकरी मोडत होती. मान वर करून म्हणाली, "जादू कशाची? काकांनी विचारलं, मी सांगितलं. तू कधी विचारत न्हाईस."

सगळ्या खिदळल्या. पैज मी जिंकले, पण हसं माझंच झालं.

उदगीरला आमचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान. महिन्यापूर्वी पंचशीला झेरॉक्स काढायला आली आणि प्रिंटरमध्ये अडकलेला कागद तिनं दोन मिनिटांत काढून दिला. तिचे केरबामामा नांदेडला कॉम्प्युटर दुरुस्त करतात, सुट्टीत ती तिथंच असते. झालं! तेव्हापासून आप्पांचं एकच: "पोरगी असावी तर अशी." जेवताना तेच, नळ कधी येणार यावर बोलतानाही तेच. आणि मी? उदगीर जिल्हा व्हावा म्हणून गावोगाव सह्या गोळा झाल्या, त्यातली अकराशे चाळीस नावं मी टाइप केली. दोन महिने, रोज संध्याकाळी. त्यावर आप्पा एवढंच म्हणाले, "एक मलप्पा दोनदा आलाय."

पैजेच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी, कॉम्प्युटर बसला. चालू व्हायचा, मिनिटभर घरघरायचा, बंद पडायचा. शेवटी तर पडदाच काळा. शुक्रवारी नावांची यादी जिल्हा मागणाऱ्या समितीला द्यायची होती. बाजारातला मेकॅनिक आला आणि म्हणाला, "फॉरमॅट मारावं लागतंय. आतलं सगळं जाईल."

माझी अकराशे चाळीस नावं! आप्पा मला म्हणाले, "शिवगंगा, पळ. पंचशीलेला बोलावून आण."

मला! मीच जायचं!

ती टँकरच्या रांगेत होती. वाटलं, गुपचूप परत फिरावं आणि सांगावं, घरी नव्हती. पण नावं माझी होती. "आप्पांनी बोलावलंय," मी पायाच्या अंगठ्याकडं बघत म्हणाले. तिच्या आईनं, सरजाबाईंनी, तिच्या हातातली घागर घेतली. "जा गं, नंबर मी धरते."

दुकानात येताच ती म्हणाली, "फॉरमॅट नका करू, काका. आधी फायली बाहेर काढू." समितीचे साहेबराव गुरुजी आपला लॅपटॉप घेऊन आले. पंचशीलानं सीपीयूचा डबा उघडून आतली हार्डडिस्क काढली आणि मामांनी दिलेल्या वायरनं लॅपटॉपला जोडली. उजेडाला बॅटरी कुणी धरली? आप्पांनी! मला कुणी विचारलंसुद्धा नाही. मी स्टुलावर बसून नखं खाल्ली.

पडद्यावर नावं आली. सगळी. दोनदा आलेला मलप्पासुद्धा.

"वाचवलंस, माय!" आप्पा तिला म्हणाले. नावं कुणी टाइप केली, हे त्या घडीला कुणाच्या ध्यानात होतं?

"आता मशीन कशानं बसलं ते बघते," म्हणत तिनं डब्यात डोकं घातलं. "खोडरबर हाय का?" वक्तृत्वाच्या बक्षिसातलं माझं वासाचं खोडरबर तिनं घेतलं आणि रॅमच्या पट्टीचे पाय घासले. मग पंख्यावरून बोट फिरवलं. बोट पांढरं झालं.

विभूती! माझीच.

दुकान उघडल्यावर सीपीयूची पूजा माझ्याकडं. एरवी विभूती पाण्यात कालवून तीन पट्टे ओढायचे. पण यंदा अव्वानं, माझ्या आईनं, बजावलं होतं, "माणसाला प्यायला थेंब न्हाई, मशीनला कशाला?" म्हणून मी कोरडीच लावायचे. कोरडी चिकटत नाही. मग मी चिमटीऐवजी मूठ घ्यायचे आणि समोरच्या जाळीवर चोळायचे. चार महिने, भक्तिभावानं!

पंचशीलानं बोटाचा वास घेतला. माझ्याकडं पाहिलं, माझ्या कपाळावरच्या पट्ट्यांकडं पाहिलं.

"काय गं ते?" आप्पांनी विचारलं.

"धूळ हाय, काका. दुष्काळाची."

मशीन सुरू झालं. आप्पा टाळ्या वाजवायचेच बाकी होते. आणि मी जळून खाक झाले. हुशार आहे तर आहे, वर चांगलीसुद्धा असायची काय गरज होती हिला?

ती निघाली तेव्हा मी पायरीपर्यंत गेले आणि एक प्रश्न विचारला. या वेळी कुणी पैज लावली नव्हती.

जेवायला बसलो तसं आप्पांनी सुरू केलं, "पोरगी असावी तर..."

"आप्पा, थांबा. अव्वा, तू पण ऐक." मी ताट सरकवलं. "ती धूळ नव्हती. विभूती होती. मीच कोंबली."

अव्वाच्या हातातला घास तसाच राहिला. आप्पांनी तोंड उघडलं, पण मी थांबते होय!

"उद्यापासून पूजा भिंतीवरच्या फोटोची. मशीनला हात लावायचा तर फडक्यानं. आणि सुट्टी लागली की मी पंचशीलेबरोबर नांदेडला जाणार, केरबामामांकडं शिकायला. तिला विचारलंय मी. 'हाव, चल' म्हणाली. दिवाळीपर्यंत मला तिच्यापेक्षा जास्त येणार, सांगून ठेवते."