दोन बेसी

सव्वादहाची एडिंबराची बस मला गाठायची होती आणि नऊ वाजता मी स्वयंपाकघरात मार्मलेडच्या बरण्या पुसत होतो. जानेवारीत सेव्हिलची कडू संत्री आली की माझी बहीण नेट्टा त्यांचा हा मुरंबा घालते आणि तीन दिवस सगळं घर चिकट करून सोडते.

"लक्ष कुठंय तुझं?" ती म्हणाली. "बरणी फोडशील. जा, टाय बदल. हा टाय घालून गेलास तर ते पुस्तकाऐवजी तुझ्या अंत्यविधीला मदत देतील."

ती चेष्टा करत होती, पण रात्रभर माझा डोळा लागला नव्हता. रॅट्रे न्यास वर्षाला एकच पुस्तक छापतो. एका दोरखंडवाल्याच्या विधवेनं स्कॉटलंडच्या इतिहासाचं संशोधन व्हावं, जुनी दप्तरं छापून यावीत, म्हणून तो स्थापला. यंदा शेवटच्या फेरीत दोन अर्ज होते. एक विद्यापीठातल्या प्राध्यापकाचा, दुसरा माझा. मी निवृत्त ग्रंथपाल. आमच्या किल्ड्रनी गावच्या चर्चच्या पंचसभेचं चारशे वर्षांपूर्वीचं दप्तर मी एकोणीस वर्षं उतरवून काढलं होतं. वय शहात्तर. पुन्हा अर्ज करायची उमेद माझ्यात उरली नव्हती.

त्यातून बैठकीची एक रीत होती. त्या विधवाबाईंना जुनं हस्ताक्षर लागत नसे, म्हणून त्यांनी मृत्युपत्रातच लिहून ठेवलं होतं की अर्जदारानं दप्तरातलं एक पान सभेपुढे मोठ्यानं वाचावं. मला दुकानात पाव मागतानासुद्धा घसा खाकरावा लागतो.

बरणी पुसता पुसता मी तिच्यावर चिकटवलेली चिठ्ठी वाचली आणि हसलो. "नेट्टा, साल चुकलंय. गेल्या वर्षीचं घातलंयस."

"मग? फेब्रुवारी उजाडेपर्यंत माझा हात जुनंच साल लिहितो. तुझ्यासारखं पंचांग गिळून बसलेलं नाही कुणी."

मी बरणी खाली ठेवली आणि तसाच जिना चढलो. या गुडघ्यांनी मी दोन-दोन पायऱ्या कधी चढलो होतो, आठवत नाही.

माझ्या पुस्तकातलं सगळ्यात वाखाणलं गेलेलं प्रकरण होतं आठवं, 'दोन बेसी'. दप्तरात फेब्रुवारी १६०० मध्ये बेसी कार्गिल नावाची विधवा पंचांपुढे येते. पुढे मे महिन्यात बेसी कार्गिल नावाची बाई कामबंदीच्या रविवारी गळांना आमिष म्हणून शिंपले लावताना सापडते, आणि तिचा नवरा जिवंत आहे. ऑक्टोबरात होडी बुडते, तिच्यात तो जातो. म्हणजे बेसी दोन असणार, आणि फेब्रुवारीच्या आधीही एखादी होडी बुडाली असणार, असं मी बावीस पानं खर्चून सिद्ध केलं होतं. न्यासाच्या परीक्षकानं त्यावर 'उत्कृष्ट' असा शेरा मारला होता.

पूर्वी आमच्याकडे नवं वर्ष पंचवीस मार्चला लागायचं, म्हणजे फेब्रुवारी सरत्या सालातच मोजला जायचा. राजाच्या हुकमानं १६०० सालापासून ते एक जानेवारीला आलं. पंचसभेच्या कारकुनानं हुकूम पाळला असेल, हे मी गृहीत धरलं होतं. पण त्याचाही हात जुन्याच सवयीनं चालला असेल तर? तर ते पान १६०१ च्या फेब्रुवारीतलं, होडी बुडाल्यानंतरचं! पानांच्या क्रमावर भरवसा नव्हताच. ती कधी तरी सुटी झाली होती आणि कुणी तरी तारखा बघून पुन्हा शिवली होती.

पडताळा माझ्याच कागदांत होता. त्या पानावर 'रविवार, आठ फेब्रुवारी' असं लिहिलेलं होतं. १६०० साली तो दिवस शुक्रवारी येतो. तेव्हा मी काय केलं होतं? तळटीप एकशेचौदा: 'वार लिहिण्यात कारकुनाची चूक.' मी पेन्सिलीनं १६०१ ची मांडणी केली. दोनदा केली. रविवार.

चूक माझी होती. लाज वाटायला हवी होती. पण मी खोलीभर येरझाऱ्या घालत होतो आणि तोंडानं "एकच! एकच!" म्हणत होतो.

नेट्टा दारात आली. "काय एकच? पायमोजा?"

मी तिला सांगितलं. ती हातातल्या डावावर हनुवटी टेकून ऐकत राहिली. "आज गप्प बस ना," ती म्हणाली. "आधी मंजूर होऊ दे. नंतर गुपचूप दुरुस्त कर."

"मला ते पान वाचायचंय, नेट्टा."

"वेडा आहेस. पळ, बस जाईल."

एडिंबरात न्यासाच्या खोलीत पाच विश्वस्त बसले होते. अध्यक्ष डॉ. इशबेल मकॅस्किल चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "मिस्टर इम्री, कुठलं पान वाचणार?"

"आठ फेब्रुवारी. पण त्याआधी... माझं आठवं प्रकरण चूक आहे. सगळंच्या सगळं." आणि मी थांबलो नाही. मार्मलेड, राजाचा हुकूम, रविवार, तळटीप, सगळं एका दमात ओकलो.

टेबलाच्या टोकाला बसलेले एक गृहस्थ कुजबुजले, "झालं. प्राध्यापकमहाशयांना कळवून टाका."

"थांबा हो, आर्चिबाल्ड," बाई म्हणाल्या. "वाचा तुम्ही."

मी मे महिन्यापासून सुरुवात केली. निनियन टॉड या पंचानं बेसीला रविवारी काम करताना पकडलं. ती त्याला म्हणाली, शिंपले नकोत तर तुझी जीभ लावते गळाला. तिला तीन रविवार भर चर्चमध्ये पश्चात्तापाच्या स्टुलावर बसवलं. मग ऑक्टोबरातली होडी. मग मी ते पान हातात घेतलं. घसा न खाकरताच वाचू लागलो.

"'रविवार, आठ फेब्रुवारी. बेसी कार्गिल, विधवा, हजर. पंचांनी ओटचं पीठ देऊ केलं. ती म्हणाली, पीठ संपतं, मला गळांची दोरी द्या. निनियन टॉडनं उठून स्वतःची दोरी देऊ केली, आणि ही कामाला चुकणार नाही याची हमी आपण घेतो असं म्हणाला.'"

आर्चिबाल्डसाहेब पुढे झुकून म्हणाले, "टॉड? तोच टॉड? जिभेचा?"

"तोच. मी त्यांची ताटातूट केली होती. बेसी दोन केल्यामुळे हे कुणाला दिसलंच नसतं."

डॉ. मकॅस्किलांनी चष्मा काढून पुसला. "तुमच्या प्रकरणाला 'उत्कृष्ट' म्हणणारी परीक्षक मीच. तुमची तळटीप मीही मान डोलावत वाचली." मग बाकीच्यांकडे वळून त्या म्हणाल्या, "वार चुकला म्हणून कारकुनाला दोष देणारे आम्ही दोघे. चारशे वर्षांनी त्याची माफी मागायची तर छापूनच मागावी लागेल. आहे कुणाची हरकत?"

आर्चिबाल्डसाहेब खुर्चीतच चुळबुळले. "बावीस पानं गेली तर पुस्तक बारीक होईल."

"होऊ दे की," मी म्हणालो, आणि माझाच आवाज ऐकून दचकलो.

मला बाहेरच्या खोलीत पंधरा मिनिटं बसवलं. मग बाई स्वतः बाहेर आल्या. "ईस्टरपर्यंत नवी प्रत हवी. जमेल?"

"आठवड्यात देतो."

परतीच्या बसमध्ये मी पेन्सिल काढली आणि आठव्या प्रकरणाच्या पहिल्या पानावर उभी रेघ मारली. मग दुसऱ्यावर. बाविसाव्या पानापर्यंत पोचलो तेव्हा बस आमचं गाव मागे टाकून दोन गावं पुढे आली होती. तिथल्या बंदरावर उतरून मी नेट्टाला फोन लावला.

"मंजूर!" मी ओरडलो. शेजारी जाळं विणत बसलेल्या माणसानं वर पाहिलं.

"देवा रे! आणि आहेस कुठे तू?"

"माहीत नाही. चालत येतो. बरण्यांवरच्या चिठ्ठ्या बदलू नकोस, नेट्टा. तशाच राहू देत."