मेहबूब मास्तरांचं मत

"ज्या पंचांनी मंगेशच्या दुखापतीचा तो कागद लिहिला, ते चौकशी होईपर्यंत मैदानात उभे राहणार नाहीत. मला लीगची प्रमुख केलंत तर माझं पहिलं काम हे असेल," प्रमिला वारघडे म्हणाली.

जव्हारच्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत मुलाखत चालू होती. टेबलामागे निवड समितीचे तिघे बसले होते. मध्ये निवृत्त मुख्याध्यापक महाले गुरुजी, त्यांच्या डाव्या हाताला संघमालकांच्या वतीने आलेला बाळ्या झुगरे आणि उजव्या हाताला पंचांच्या वतीने आलेले मेहबूब शेख. तो कागद मेहबूबनीच लिहिलेला होता.

गुरुजी खाकरले. "बाई, कागद कुणी लिहिलाय ते ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"आहे सर. मागून बोलण्यापेक्षा तोंडावर सांगितलेलं बरं."

ती मेहबूबकडे बघूनच हे बोलली. नजरेत राग नव्हता. तो असता तर मेहबूबना सोपं गेलं असतं.

मेहबूब मास्तर म्हणजे जव्हारच्या बाजारपेठेतले शिंपी. तालुक्यातल्या निम्म्या आश्रमशाळांचे गणवेश त्यांच्या मशीनखालून गेलेले. पण लोक त्यांना ओळखत ते कबड्डीचे पंच म्हणून. एकतीस वर्षं गावोगावच्या मातीत उभं राहून त्यांनी निर्णय दिले होते आणि त्यांच्या निर्णयावर कुणी हुज्जत घातली नव्हती. चार वर्षांपूर्वी जव्हार-मोखाड्याची व्यावसायिक लीग सुरू झाली. आठ संघ, आठ मालक, खेळाडूंशी हंगामाचे करार, मातीच्या जागी मॅट. तेव्हा पहिले पंच म्हणून मास्तरांचंच नाव पुढे आलं. आता लीगचे पहिले प्रमुख आजारपणामुळे बाजूला झाले होते आणि दुसरा प्रमुख निवडायचा होता.

दोनच नावं उरली होती. एक प्रमिला. वांगणीची मुलगी, विद्यापीठाच्या संघातून खेळलेली, आता आश्रमशाळेत खेळ शिकवणारी. दुसरे मोखाड्याचे देवानंदशेठ, जीपगाड्यांचे मालक आणि लीगमधल्या एका संघाचेही मालक.

देवानंदशेठ सकाळीच येऊन बोलून गेले होते. माणूस तोंडाचा गोड. "ठाण्याचे प्रायोजक माझ्या शब्दावर येतात. पुढल्या वर्षी सगळे सामने टीव्हीवर दाखवतो. आपल्या डोंगरातल्या पोरांना जग बघेल, गुरुजी! आणि मेहबूब मास्तर निवृत्त होईपर्यंत मुख्य पंच. त्यांचा जाहीर सत्कारसुद्धा मीच करणार."

खाली उतरताना बाळ्याने मास्तरांच्या खांद्यावर हात टाकला. "गुरुजींचं मत बाईला, माझं शेठला. म्हंजे सगळं तुमच्यावर आलं. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊ नका मास्तर."

मास्तर जिना उतरून दुकानाकडे वळले. निर्णय तिसऱ्या दिवशी द्यायचा होता.

दुकानात परत येऊन त्यांनी मशीन चालू केलं, पण टाका सरळ जाईना. गेल्या हंगामातला तो उपांत्य सामना डोळ्यांसमोरून हलत नव्हता. देवानंदशेठच्या संघाचा चढाईपटू होता जामसरचा मंगेश. पकडीतून सुटताना त्याचा गुडघा पिळला आणि तो खाली बसला. मास्तर जवळ गेले. गुडघा बघता बघता फुगत होता. रेषेबाहेरून देवानंदशेठ ओरडले, "मास्तर, कॅमेरा चालू आहे! उभा राहतोय तो, खेळू द्या!" मास्तरांनी विचारलं, "खेळशील?" मंगेशने शेठकडे बघितलं आणि म्हणाला, "हां." मास्तर बाजूला झाले. पुढच्याच चढाईत तो गुडघा कामातून गेला.

संध्याकाळी मास्तरांनी अहवालात एकच ओळ लिहिली: खेळाडूने स्वतः खेळण्याची इच्छा दर्शवली. ओळ खोटी नव्हती. म्हणूनच ती वर्षभर त्यांना टोचत राहिली.

त्यांच्या बायकोने, खैरुनने, दुपारचं ताट पुढे ठेवलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून बसले.

"क्या हुआ? सत्काराचं ऐकलं मी. खुश व्हायचं सोडून असे काय बसलात?"

"मी मंगेशला भेटायला कधी गेलो नाही, खैरुन."

तिने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. मग म्हणाली, "मग जा ना. जामसर काय परदेशात आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान बंद ठेवून मास्तर जामसरच्या जीपमध्ये बसले.

मंगेश घरापुढच्या खळ्यात लाकडाच्या ओंडक्यावर बसून काठीने नाचणीची कणसं झोडत होता. उजवा पाय समोर सरळ पसरलेला. मास्तरांना बघून तो हसला. "मास्तर! वाट चुकलात काय?"

त्याच्या बायकोने, रुपीने, कोरा चहा आणून दिला. मास्तरांनी दोन घोट घेतले. मनातलं कसं काढावं ते कळेना.

"पाय कसा आहे?"

"हाय तसाच. शेठनं नाशिकला नेला, फोटू काढला. डाक्टर बोलला आपरेशन करा, मंग शेठ काय बोललाच नाय." तो गुडघ्यावरून हात फिरवत म्हणाला. "खाली बसता येत नाय. भाताच्या आवणीला रुपी एकटीच वाकली औंदा."

"मंगेश, त्या दिवशी मी तुला विचारलं…"

"इचारलंत. मी हां बोललो. नाय कसा बोलणार? शेठ पुढं उभा. करार त्याच्या हातात." काठी थांबवून त्याने वर बघितलं. "पण मास्तर, तुमी पाय बगितला व्हता ना?"

मास्तरांच्या हातातला चहा निवत चालला होता. "बघितला होता," ते म्हणाले. "सुजलेला दिसला होता मला."

मंगेशने मान डोलावली, जणू एवढंच त्याला ऐकायचं होतं. रुपी दारात उभी राहून ऐकत होती, ती आत निघून गेली.

मग मंगेश हलक्या आवाजात म्हणाला, "एक सांगू? तुमी शेठलाच निवडा."

"काय?"

"बाळ्या येऊन गेला काल. शेठ प्रमुख झाला तर मला मोखाड्याच्या जीपस्टँडवर बसवणार. शिटं भरायची, नंबर लावायचा. खुर्चीवरचं काम हाय. प्रमिलाबाई चांगली हाय, ती आली व्हती, समदं लिवून घेतलं. पण चौकशी करून माझा गुडगा वळल काय?"

मास्तरांनी कप खाली ठेवला आणि उठले. ज्याचं नुकसान केलं तोच हात जोडून चुकीचा माणूस मागत होता, आणि त्याचं मागणंही चुकीचं नव्हतं. परतीच्या जीपमध्ये दोन बायका कोंबड्यांच्या टोपल्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या काहीतरी विचारत होत्या. मास्तरांना शब्द ऐकू येत होते, अर्थ पोचत नव्हता. एक मत दिलं तर मंगेशला खुर्ची मिळणार आणि आपल्याला शाल. दुसरं दिलं तर दोघांनाही काही नाही. आणि पुढल्या वर्षी मॅटवर दुसरा कुणी मंगेश खाली बसला, तर त्याच्यापुढे कोण उभं असणार?

तिसऱ्या दिवशी समिती पुन्हा बसली. गुरुजींनी प्रमिलाचं नाव सांगितलं, बाळ्याने देवानंदशेठचं. दोघेही मास्तरांकडे वळले.

"प्रमिला वारघडे," मास्तर म्हणाले.

बाळ्याने कपाळावर हात मारला. "मास्तर, धोंडा पाडून घेतलातच!"

"पाय दुसऱ्याचा गेलाय, बाळ्या." मास्तरांनी खिशातून घडी केलेला कागद काढून गुरुजींपुढे ठेवला. गुरुजींनी चष्मा लावून तो वाचला. गुडघा सुजलेला मी पाहिला होता, मालकाच्या सांगण्यावरून खेळ चालू ठेवला, चूक माझी आहे. खाली सही. गुरुजींनी कागद दोनदा वाचला. मग उठून त्यांनी स्वतःच खिडकी उघडली.

पुढचं फार झपाट्याने झालं. देवानंदशेठनी आपला संघ काढून घेतला, त्यांच्या मागोमाग आणखी एका मालकाने. ठाण्याचे प्रायोजक गेले. आठाचे सहा संघ उरले. जीपस्टँडवरच्या खुर्चीवर बाळ्याचा मेहुणा बसला. प्रमिलाने मंगेशला मुंबईला नेऊन ऑपरेशनची तारीख घेतली, पण गुडघा पहिल्यासारखा होईल असं तिथल्या डॉक्टरांनीही सांगितलं नाही. मंगेश बाजारात भेटला तेव्हा मास्तरांशी बोलला नाही. समोरून आला आणि पाय ओढत भांड्यांच्या दुकानाकडे वळला.

चौकशीत मास्तरांवर दोन वर्षांची बंदी आली. लीगच्या नियमाने पंच पासष्टीला निवृत्त होतो, आणि मास्तर चौसष्ट वर्षांचे होते. निर्णयाचं पत्र घेऊन प्रमिला स्वतः दुकानात आली.

"चाचा, दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवणं बरं वाटलं नाही."

"बरोबर केलंस, बाई," ते म्हणाले आणि पोचपावतीवर सही करून दिली. ती गेल्यावर खैरुन मशीनजवळ आली. तिने गणवेशांचा गठ्ठा त्यांच्या पुढ्यात सरकवला आणि स्वतः काजं करायला बसली.

हंगामाचा पहिला सामना मोखाड्यात झाला, आठवडी बाजाराच्या दिवशी, भर दुपारी. मास्तर जावं की न जावं करत शेवटी गेले आणि मैदानाच्या कडेच्या दगडी पायऱ्यांवर, गर्दीच्या मधोमध बसले. मॅटच्या बाजूला खुर्चीवर एक डॉक्टर बसलेली होती. पंच म्हणून पुष्पा नावाची तरुण मुलगी उभी होती. तिचे पाय बरोबर रेषेवर होते, हे मास्तरांनी पहिलं बघितलं.

उत्तरार्धात एक चढाईपटू पकडीतून सुटता सुटता कोसळला आणि घोटा धरून राहिला. लोक ओरडू लागले, "ऊठ! ऊठ रे!" पुष्पा त्याच्याजवळ धावली आणि क्षणभर थबकली.

मास्तर कधी उभे राहिले ते त्यांनाच कळलं नाही. त्यांचे दोन्ही हात वर गेले होते, एक आडवा, दुसऱ्याची बोटं त्याच्या तळव्याला खालून टेकलेली. खेळ थांबवा.

"ओ चाचा," मागून कुणीतरी म्हणालं, "खाली बसा ना. आमाला दिसत नाय."

मॅटवर पुष्पाने तीच खूण केली आणि डॉक्टर पेटी घेऊन आत धावली. मास्तरांनी हात खाली घेतले, मागे वळून "माफ करा" म्हणाले आणि अंग चोरून बसले.