मंडळाची रक्तदात्यांची यादी

डॉक्टर पोरगेला होता, पण बोलणं स्पष्ट. "बाबूजी, माताजी का ग्रुप ओ नहीं है. बॉम्बे ग्रुप है. दिखता ओ जैसा है, पर ओ चढ़ा दिया तो जान चली जाएगी. बॉम्बे ग्रुपवाले का ही चाहिए. शाम तक कम से कम एक यूनिट."

माझ्या बायकोच्या, सरलाच्या, आजवरच्या प्रत्येक कार्डावर ओ लिहिलेलं. सकाळी तिला रक्ताची उलटी झाली, पोटातला अल्सर फुटला म्हणाले, आणि हिमोग्लोबिन चारवर आलं. झाँसीतल्या ब्लड बँकांत त्या ग्रुपची एक पिशवी नव्हती. ग्वाल्हेर, कानपूर, लखनौ, सगळीकडून नकार.

"माताजी के भाई-बहन? बच्चे?" डॉक्टरने विचारलं.

"भाई गुज़र गए. एक बेटी है, उसका ओ पॉज़िटिव है. स्कूल के कार्ड पर लिखा है," मी फटकन सांगून मोकळा झालो. मुग्धाचा विषय निघाला की मी असाच फटकन मोकळा होतो. चार वर्षांपूर्वी तिने समथरच्या एका हार्डवेअरवाल्याच्या मुलाशी कोर्टात लग्न केलं. मी तिला सांगितलं, या घराचं दार तुला बंद. तिचा नंबरसुद्धा फोनमधून पुसून टाकला. आहे माझा स्वभाव तसा.

आणि मग मला यादी आठवली. त्याच वर्षी आमच्या मराठी मंडळाने रक्तगट तपासणीचं शिबिर घेतलं होतं. इथे मराठी घरं उरलीत मूठभर, पण आजूबाजूचे लोकही आले, चारशे बारा नावं झाली. मी कार्यवाह. सरला तेवढी आली नव्हती, कार्ड आहे की, म्हणाली. नमुने बाहेरच्या मोठ्या लॅबमध्ये गेले होते, म्हणजे ग्रुप नीट तपासलेले. माझा पुतण्या निशांत हैदराबादला सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याने सगळं वेबसाइटवर चढवलं. वेबसाइट पुढे कोणी सांभाळली नाही आणि बंद पडली.

आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून निशांतला फोन लावला. तो म्हणाला, "काका, वेबसाइट गेली, पण डेटाबेस क्लाउडवर तसाच आहे. लॅपटॉप आहे ना? मी एक सॉफ्टवेअर पाठवतो, त्यातून सीधे यादी उघडता येईल."

शेजारच्या पेशंटच्या मुलाचा लॅपटॉप मागून घेतला. सॉफ्टवेअर उतरलं. एक खिडकी उघडली, तिच्यात रकाने: होस्ट, पोर्ट, युजर, पासवर्ड. निशांत जुन्या मेलमधून एकेक अक्षर सांगत गेला, मी एका बोटाने टाइप करत गेलो. पासवर्ड माझ्या खिशातल्या डायरीत होता. कनेक्टवर दाबलं. गोल गोल फिरत राहिलं आणि शेवटी लाल पट्टी आली: कनेक्शन टाइम्ड आउट.

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

"अरे काका," निशांतचा आवाज बदलला. "आठवलं. तुम्हीच सांगितलं होतं ना, मंडळाच्या ऑफिसशिवाय कुठूनही उघडायला नको? म्हणून फक्त तिथल्या इंटरनेटचा पत्ता आत जाऊ शकतो. बाकीचं सगळं ब्लॉक. मीही इथून जाऊ शकत नाही."

"मग ते काढ की!"

"काढायला ओटीपी लागतो. तो शिवाजीरावांच्या नंबरवर जातो."

शिवाजीराव आमचे अध्यक्ष. दोन वर्षांपूर्वी गेले, नंबर तेव्हाच बंद झाला. सांगितलं होतं, मीच सांगितलं होतं. लेकीसुनांची माहिती उघड्यावर नको, म्हणून मी बैठकीत टेबलावर मूठ आपटली होती.

नर्सने सरलाच्या बांगड्या, मंगळसूत्र आणि मोबाइल एका पिशवीत घालून माझ्या हातात दिले. ती पिशवी स्कूटरच्या हँडलला अडकवली आणि निघालो. छावणीच्या रस्त्याने गेलं की गर्दी लागत नाही. पण त्या रिकाम्या रस्त्यावर माझ्या डोक्यात नको नको ते येत राहिलं. मी मोठ्याने रामरक्षा म्हणू लागलो आणि अर्ध्यात विसरलो. आयुष्यात कधी विसरलो नव्हतो.

मंडळाच्या ऑफिसातला कॉम्प्युटर चालू व्हायलाच दहा मिनिटं लागली. पुन्हा सॉफ्टवेअर, पुन्हा ते रकाने. निशांत फोनवर होताच. कनेक्ट. या वेळी लाल पट्टी लगेच आली: पासवर्ड चुकीचा.

"चुकीचा कसा? डायरीत शिवाजीरावांच्या अक्षरात आहे!" मी ओरडलो.

"काका, शांत. बाजूला डोळ्याचं चित्र आहे, त्यावर क्लिक करा, काय टाइप केलंय ते दिसेल."

सगळी अक्षरं कॅपिटल पडली होती. मी त्या कीबोर्डला आणि स्वतःला शिव्या घातल्या. पुन्हा टाइप केलं. तर आता म्हणे एसएसएल, म्हणजे सुरक्षित जोडणी, हवं. निशांतने तो टॅब कुठे आहे ते सांगितलं, तिथे 'रिक्वायर' निवडायला लावलं. देवा, एका बाईचा जीव जातोय आणि हे यंत्र माझ्याशी सरकारी कचेरीसारखं वागतंय. छत्तीस वर्षं सिंचाई विभागात मी लोकांना असेच हेलपाटे घालायला लावले, हेही तेव्हाच मनात आलं. कनेक्ट दाबलं.

हिरवी खूण आली. डाव्या बाजूला टेबलांची नावं आली, त्यातलं 'डोनर्स' उघडलं आणि चारशे बारा ओळी धडाधड समोर आल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता ब्लड ग्रुपच्या कॉलमवर फिल्टर लावा. बॉम्बे लिहा," निशांत म्हणाला.

लिहिलं. एंटर दाबलं. यादी सरसर आटली. एकच ओळ उरली.

मुग्धा वामन आठल्ये. वय चोवीस. बॉम्बे पॉझिटिव्ह.

मी ती ओळ तीनदा वाचली. शाळेच्या कार्डावर ओ होतं. पण तिच्या आईच्या कार्डावरही ओच होतं की! तास-दोन तासांपूर्वी डॉक्टरने तोंडावर सांगितलं, तरी मला हे सुचलं नाही. सुचू दिलं नाही.

"काका? कोण आहे? फोनचा कॉलम उजवीकडे सरकवा, नंबर असेल."

सरकवला. नंबर होता. माझाच होता. शिबिरात मी नियम केला होता, पोरीबाळींचे नंबर लिहायचे नाहीत, घरच्या कर्त्या पुरुषाचा लिहायचा.

"निशांत, रिपोर्ट आल्यावर मेसेज गेले होते का रे?"

"सगळ्यांना गेले होते काका. यादीतल्या नंबरवर."

म्हणजे मलाच आला होता. ती घर सोडून गेली त्या आठवड्यात तिच्या नावाचा एक मेसेज आला होता खरा. नाव बघूनच तळपायाची आग मस्तकाला गेली आणि मी न वाचता पुसला. तिला स्वतःलाही तिचा ग्रुप ठाऊक नसणार. काही झालं असतं तर तिलाही कोणी ओ चढवलं असतं. माझी लेक.

निशांतकडे तिचा नंबर नव्हता. माझ्या धाकाने घरात कोणी ठेवलाच नव्हता. समथर दोन तासांवर. दुकानं शोधत फिरलो असतो तर संध्याकाळ उलटून गेली असती. मी पिशवीतून सरलाचा मोबाइल काढला. मुग्धा नावाने काही नाही. मुगी नाही, बाळ नाही, बेटा नाही.

मग मी आलेले-गेलेले कॉल पाहिले. रोज अकराच्या सुमारास एकच नाव: गॅस एजन्सी. काल बावीस मिनिटं. परवा एकोणीस. रोज अकराला मी मंडळात येऊन बसतो. गॅसवाल्याशी रोज वीस वीस मिनिटं कोण बोलतं?

मी त्या नावावर बोट ठेवलं. दुसऱ्याच रिंगला फोन उचलला गेला. मागे लहान मूल रडत होतं. कुणाचं, हे मला कोण सांगणार होतं?

"बोल आई, आज देर झाली तुला," मुग्धा म्हणाली. "बाबा बाहेर गेले ना?"

"बाबाच बोलतोय गं," मी म्हणालो. "ठेवू नकोस. मुग्धा, पाया पडतो तुझ्या, फोन ठेवू नकोस."