भट्टीच्या पत्र्यावरचा दुधाचा दात

मी एक जुना दात आहे. हसू नका, मित्रांनो! माझं वय तीन वर्षंही नाही. पण मी काळा पडलो, तुटलो आणि आता पत्र्यावर येऊन पडलो आहे. म्हातारपण आलं, तरुणपण काही पाहिलं नाही.

भूमजवळच्या एका वाडीत शिवांजलीच्या वरच्या हिरडीतून मी डोकं काढलं, तेव्हा घरात कोण आनंद झाला! तिच्या आजीनं, द्वारकाबाईंनी, चमचा लावून टक् वाजवून पाहिलं. आल्यागेल्याला त्या सांगत, "माज्या नातीला मोत्यावानी दात आलाय." शेजारणी वाकून वाकून बघायच्या. मीही हरभऱ्याच्या झाडावर चढलो होतो.

या घराची खव्याची भट्टी. पहाटेच चुलाण पेटायचं आणि शिवांजलीची आई सोनाली कढईतलं दूध घोटत बसायची. क्षणभर हात थांबला तरी दूध करपायचं. एकदा पोर रांगत थेट चुलाणापाशी आली, भाजता भाजता वाचली. मग आजीनं युक्ती काढली. जुन्या धोतराच्या मऊ फडक्यात साखर घातलेला ताजा खवा बांधायचा, ती चोखणी पोरीच्या तोंडात द्यायची आणि तिला झोळीत टाकायचं. पोर चोखता चोखता झोपायची. आजीला नातीला आगीपासून वाचवायचं होतं, पण झालं आगीतून फुफाट्यात.

झोपेत तोंडातली लाळ कमी होते. ते गोड माझ्या अंगावर तसंच बसून राही. जंतू ते खात आणि त्याचं आम्ल करून मला पोखरत. आधी हिरडीजवळ खडूसारखी पांढरी रेघ उमटली. तेव्हाच कुणी पाहिलं असतं, तर मी वाचलो असतो. मग मी पिवळा झालो, मग काळा; शेजारच्या तिघांचंही तेच झालं.

सोनालीनं ते पाहिलं. ती सासूला म्हणाली, "आत्या, पोरीच्या दाताला काळं दिसतंय. दवाखान्यात दावू का?"

"दुधाचे दात हायत ते. पडायचेच हायत की! त्येला कशाला दवाखाना?"

सोनाली पुन्हा कढईतलं दूध घोटू लागली. मला तिचा राग येतो आणि कीवही येते.

पुढं शिवांजली भाकरी चावेना. रडली की तिला पुन्हा चोखणीच मिळायची. एका सकाळी तिचा ओठ नाकापर्यंत सुजला, डोळा झाकला गेला, अंग तापानं फणफणलं. तेव्हा कुठं तिला धाराशिवला नेलं.

"तोंडात साखर ठेवून झोपवल्यानं किडलेत. वरचे समोरचे चारही दात काढावे लागतील," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"परत येतील न्हवं?" आजीनं विचारलं.

"येतील, पण सात-आठ वर्षांची झाल्यावर. पू आत पसरलाय. आतल्या कच्च्या दातांना इजा झाली असेल, तर ते कसे येतील हे आज सांगता येत नाही."

पोरीला भूल दिली आणि आम्हा चौघांना उपटलं. शिवांजली आता हसताना तोंडावर हात ठेवते.

सोनालीनं मला कापसात गुंडाळून घरी आणलं. पत्र्यावर टाकलेला दात उंदीर नेतो आणि नवा देतो, म्हणून आजीनं मला भट्टीच्या पत्र्यावर भिरकावलं. इथं दिवसभर धूर लागतो.

आज पहाटे खाली झोळी पुन्हा हलली. शिवांजलीच्या धाकट्या भावाला, रणधीरला, पहिला दात आलाय. तो रडू लागला, तशी आजी म्हणाली, "सोनाली, फडकं आण. आता साखर न्हाय घालत, गूळच घालते. गुळानं काय व्हत न्हाय."

शिवांजली झोळीपाशी गेली आणि तिनं भावाच्या तोंडावर आपला हात ठेवला. पण ती केवढीशी! आजीनं तिचा हात अलगद बाजूला केला.

मित्रांनो, माझा आवाज पत्र्याखाली पोचत नाही. तुमच्या घरात झोळी असेल, तर तुम्ही बोला. पहिला दात दिसला की तो रोज स्वच्छ ओल्या फडक्यानं पुसायला सांगा. तोंडात गोड ठेवून बाळाला झोपवू देऊ नका. पांढरी रेघ दिसली, तर मोठ्यांना हाताला धरून दवाखान्यात न्या. लवकर बोला. खाली फडक्याला गाठ मारून झाली आहे, आणि रणधीरचा दात अजून पांढरा आहे.